कुंपणाचं तेलपाणी

डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्कोत मार्च लागला की दारोदार कुंपणवाल्यांची पत्रकं पडायला लागतात. शेजारच्या घरी सहा महिन्यांसाठी मुलाकडे आलेले काका आहेत. मूळचे रत्नागिरीकडचे, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण हिशेबाची वही अजून सुटलेली नाही. परवा दुपारी त्यांनी कुंपणापलीकडून हाक मारली आणि फळ्यांच्या वरून दराच्या तीन चिठ्ठ्या पुढे केल्या. कुंपण तेच, काम तेच, धुऊन स्टेन म्हणजे लाकडात मुरणारा तेलकट रंग लावायचं, आकडे मात्र तीन: ९५० डॉलर, १,७०० डॉलर आणि २,६५० डॉलर. त्यांनी सगळ्यात मोठ्या आकड्यावर बोट ठेवलं, मनातल्या मनात रुपये केले आणि म्हणाले, "सव्वादोन लाखांच्या वर गेले की हो! कुंपणाला तेलपाणी करायचे एवढे?" त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, खरंखुरं कुतूहल होतं. तिथल्या तिथे द्यावं असं एका वाक्यातलं उत्तर सापडलं नाही. तो 'एवढे' मात्र दोन दिवस मनात घोळत राहिला, कारण प्रश्न रास्त होता आणि त्याचं उत्तर कागदावर नव्हतं, ते समोरच्या फळीत होतं.

त्या फळीकडे जरा जवळ जाऊन बघायला हवं. साडेपाच इंच रुंद, पाच अष्टमांश इंच जाड, सहा फूट उंच. लाकूड वेस्टर्न रेड सीडर. नावात सीडर असलं तरी हा आपला देवदार नव्हे. आपल्याकडे बंगल्याच्या फाटकाशी मोरपंखी लावतात, तिच्या नात्यातलं झाड. नवी फळी मधासारखी तांबूस असते आणि पेन्सिलीला टोक करताना येतो तसा वास तिला येतो. काकांच्या मुलाचं कुंपण बारा वर्षांचं आहे, आता ते राखाडी, चंदेरी दिसतं. बोट फिरवलं तर बोटाला पांढुरकी भुकटी लागते. ऊन लाकडातल्या लिग्निनला, म्हणजे तंतूंना धरून ठेवणाऱ्या डिंकाला, फोडत राहतं. पाऊस ते फुटलेलं धुऊन नेतो. मागे उरतात ते सैल, रंग गेलेले तंतू. प्रत्येक खिळ्याखाली काजळाच्या ओघळासारखी काळी रेघ उतरलेली आहे. हिरडा आणि लोखंड एकत्र आलं की काळा रंग होतो हे कापड रंगवणाऱ्यांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. इथेही तेच झालंय: सीडरमधलं टॅनिन आणि पातळ मुलाम्याच्या स्वस्त खिळ्याचं लोखंड. खिळे गरम जस्तात बुडवलेले किंवा स्टेनलेसचे असते तर त्या रेघा उमटल्या नसत्या. आणि जमिनीपासून हात-दीड हात उंचीपर्यंत फळ्या हिरवट-काळ्या आहेत, त्यावर क्षारांचा पांढरा थर आहे. ती स्प्रिंकलरची करणी. हिरवळीला पाणी देणारं नोझल दोन वितीही फिरवलं असतं तर फळ्या वाचल्या असत्या. पण पहाटे चारला सुरू होणारं पाणी कोण बघतो?

म्हणजे एकाच फळीवर तीन आजार आणि तिघांचं औषध वेगळं.

या कामात यंत्राने सगळ्यांची दिशाभूल केली आहे. प्रेशर वॉशर म्हटलं की वाटतं, पाण्याच्या जोराने मळ निघतो. काँक्रीटवर निघतोही. सीडर मात्र इतकं मऊ असतं की त्यावर नखाने रेघ ओढता येते. फळीतल्या रेषांमध्ये वसंतात भराभर वाढलेला मऊ पट्टा आणि उन्हाळ्याच्या शेवटी सावकाश वाढलेला कठीण पट्टा असे आळीपाळीने असतात. ३,००० पीएसआय दाबाचं पाणी जवळून मारलं की मऊ पट्टा उडून जातो, कठीण तेवढा उरतो आणि फळी धुण्याच्या दगडासारखी खरबरीत होते. त्यावर कापसासारखे तंतू उभे राहतात, ते स्टेन भसाभस पितात आणि वर्षभरात त्याच्यासकट गळून पडतात. शेत खाणाऱ्या कुंपणाची म्हण आपण ऐकलेली असते, इथे धुणंच कुंपण खातं. शिवाय यंत्राची कांडी हातात धरून डावीकडून उजवीकडे झुलवली तर ती मधे फळीच्या जवळ येते, टोकांना लांब जाते. ओलं असताना काही दिसत नाही. वाळल्यावर मात्र सगळ्या कुंपणावर कमानीसारखे फिकट-गडद पट्टे उमटतात आणि अर्धपारदर्शक स्टेन ते झाकत नाही, उलट उठून दाखवतो.

म्हणून मळ सोडवायचं काम रसायनाचं, आणि सुटलेला मळ वाहून नेणं एवढंच पाण्याचं. गॅलनभर कोमट पाण्यात सहा ते आठ औंस सोडियम परकार्बोनेट विरघळवायचं. हे मिश्रण त्याच दिवशी वापरून संपवायचं. त्यातून ऑक्सिजन सुटत राहतो, त्यामुळे बंद पंपात रात्रभर ठेवलं तर पंप फुगतो. आधी झाडांना, हिरवळीला भरपूर पाणी द्यायचं, म्हणजे मुळं नंतर रसायन ओढून घेत नाहीत. मग फळी ओली करून खालून वर मिश्रण मारायचं. वरून मारलं तर कोरड्या भागावर ओघळ येतात आणि ते कायमचे राहतात. दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, वाळू लागलं तर पाण्याची फवार द्यायची, मग ५०० ते ८०० पीएसआय, ४० अंशांचं पसरट नोझल, फळीपासून फूटभर अंतर आणि हात वरून खाली, लाकडाच्या रेषेबरोबर, एका फळीवर एकच सरळ झेप. करडा मळ कॉफीच्या रंगाच्या पाण्यासारखा खाली वाहतो आणि मागे ओलं, तपकिरी लाकूड दिसतं. हे बघताना दरवेळी बरं वाटतं. पण इथे थांबणारे फसतात. परकार्बोनेट अल्कलीसारखं वागतं, त्याने लाकूड काळवंडतं. त्यावर उतारा म्हणून ऑक्झॅलिक आम्ल, गॅलनला साधारण चार औंस. ते फळीवर पडलं की दहा मिनिटांत खिळ्यांखालच्या काळ्या रेघा फिकट होत नाहीशा होतात आणि आतला मधासारखा रंग वर येतो. ते विषारी आहे, हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय डबा उघडायचा नाही. बुरशीसाठी कुणी आदल्या दिवशी ब्लीच मारलं असेल तर ते पूर्ण धुतल्याखेरीज आम्ल जवळही न्यायचं नाही, नाहीतर क्लोरीन वायू सुटतो.

आणि मग थांबायचं.

हे थांबणं कुठल्याच चिठ्ठीवर लिहिलेलं नसतं. धुतलेल्या फळीत पाणी भरलेलं असतं. तेलाला आत शिरायला जागाच नसते. टेक्सासच्या उन्हात वरून फळी तीन तासांत वाळलेली दिसते, पण दोन सुयांचं ओलावामापक टोचलं तर आत २५ टक्के ओल दाखवतं. ती १५ च्या खाली यायला निदान दोन दिवस लागतात, वारा पडलेला असेल तर तीन. या दिवसांत स्प्रिंकलर बंद हवेत. मार्चच्या शेवटी ओकचा मोहोर गळत असतो, त्याची पिवळी भुकटी ओल्या स्टेनवर बसली की निघत नाही, म्हणून जाणता माणूस एप्रिल उतरेपर्यंत तारीखच देत नाही. त्यात वादळाचा अंदाज असला तर आणखी एक खेप पुढे जाते. काम करणाऱ्याच्या बाजूने बघितलं तर या दोन दिवसांत त्याची गाडी दुसऱ्या कामावर जाते, तिथून परत यावं लागतं, नळ्या, ताडपत्र्या, कागद पुन्हा एकदा उतरवावे लागतात. दुसऱ्या खेपेचे पैसे त्याला कुठेतरी धरावेच लागतात. ज्याने धरले नाहीत तो सकाळी धुतो आणि दुपारी फवारतो. ते कुंपण दसऱ्यापर्यंत झकास दिसतं, पुढच्या उन्हाळ्यात पापुद्रे सुटतात.

आता काकांच्या सव्वादोन लाखांचा हिशेब. कुंपण लांबीला १५० फूट, उंची सहा. एक बाजू ९०० चौरस फूट, दोन्ही बाजू १,८००. बरेच नवखे इथेच थांबतात. पण हे कुंपण फळीवर फळी चढवलेलं आहे. पुढची फळी साडेपाच इंच, शेजारच्या मागच्या फळीचा दिसणारा भाग साडेतीन, मिळून नऊ इंच. आणि पुढच्या फळीच्या दोन कडा, पाच अष्टमांश प्रत्येकी, म्हणजे सव्वा इंच. नऊला सव्वा इंच म्हणजे सपाट मापापेक्षा साधारण सातवा हिस्सा जास्त. १,८०० चे २,०५० झाले. जुनं, खरबरीत सीडर गॅलनला १२५ चौरस फूटच देतं, डब्यावर काहीही छापलेलं असो. म्हणजे साडेसोळा गॅलन, पाच गॅलनच्या चार बादल्या. बादली २०० डॉलरची धरली तर ८००. रसायनं १००. दोन माणसं एक दिवस धुणार, एक दिवस लावणार, वर सैल फळ्या ठोकणं आणि झाकाझाक, असे ३४ तास. तासाला ३० प्रमाणे १,०२०. विमा, पेट्रोल, यंत्राची झीज मिळून २००. बेरीज २,१२०. याच्यावर २० टक्के नफा हवा असेल तर कित्येक कामकरी २,१२० चे २० टक्के काढून त्यात मिळवतात आणि २,५४४ सांगतात. वर्षाच्या शेवटी हाती २० टक्के का उरले नाहीत हे त्यांना कळत नाही. नफा विक्रीच्या किमतीवर मोजायचा तर २,१२० ला ०.८ ने भागायचं. उत्तर येतं २,६५०. तिसऱ्या चिठ्ठीवाल्याचा हिशेब नेमका कसा होता कोण जाणे, पण आकडा तंतोतंत इथेच येऊन थांबला होता, आणि ते पाहून त्या अनोळखी माणसाबद्दल आदर वाटला.

मग ९५० वाल्याचं काय? त्याला लबाड म्हणायचा मोह टाळावा. स्टेनचेच ८०० होतात, उरलेल्या १५० मध्ये दोन माणसं दोन दिवस राबणार नाहीत, म्हणजे काहीतरी वगळलेलं असणारच. बहुधा एकच बाजू, एकच हात, पातळ केलेला माल आणि धुणं नाही. कदाचित घर सावरायला त्या माणसाला या आठवड्यात रोख हवी असेल. त्याच्याबद्दल राग येत नाही, वाईट वाटतं. कारण असल्या कामावर तो पुढच्या वर्षी टिकणार नाही. त्याने तेलाऐवजी पाण्यावर आधारलेला, पापुद्रा धरणारा स्टेन मारून ठेवला, तर पुढे येणाऱ्याला आधी सोडियम हायड्रॉक्साइडने तो उतरवावा लागेल आणि तो खर्च घरमालकाच्या डोक्यावर बसेल. म्हणून दर सांगण्याआधी विचारायचा पहिला प्रश्न एकच: आधी काय लावलं होतं? उत्तर माहीत नसेल तर फळीवर पाण्याचे चार थेंब टाकायचे. ते पानावरच्या दवासारखे गोल राहिले तर वर काहीतरी आहे. दहा-पंधरा सेकंदांत काळा डाग पडून आत जिरले तर लाकूड तयार आहे.

लावण्याचं काम धुण्याच्या मानाने हलकं, पण तिथे माणूस ओळखू येतो. आधी सगळ्या बादल्या एका मोठ्या पिंपात ओतून एकत्र ढवळायच्या, नाहीतर चौथ्या बादलीशी रंग किंचित बदलतो आणि तो नेमका फाटकाशी दिसतो. फवारा फक्त माल फळीपर्यंत पोचवतो. तो आत घालतो ब्रश, म्हणून एकाने फवारायचं आणि दुसऱ्याने लगेच रुंद ब्रशने रेषेबरोबर ओढायचं. वरचं कापलेलं टोक आणि खालचं टोक स्ट्रॉसारखं पाणी ओढतं, म्हणून तिथे दोनदा. एका वेळी दोन-तीन फळ्या, वरून खाली पूर्ण. मधेच चहाला थांबायचं तर फळीच्या कडेशी थांबायचं, नाहीतर जिथे वाळलेल्यावर ओलं चढलं तिथे दुहेरी पट्टा कायमचा राहतो. सावलीमागे चालायचं: सकाळी पश्चिमेची बाजू, दुपारी पूर्वेची. हाताला चटका बसेल इतकी तापलेली फळी असेल तर तेल आत जाण्याआधीच उडतं. पंधरा-वीस मिनिटांनी जे जिरलं नाही ते फडक्याने पुसून घ्यायचं. जास्त तेल म्हणजे जास्त टिकाऊ असं नाही, ते वर चिकट राहतं आणि त्यात डास, गवत, केस अडकतात. आणि फळ्यांच्या फटीतून फवारा पलीकडे जातो, शेजाऱ्याच्या विटांवर, गाडीवर. वाऱ्याच्या दिवशी यंत्र ठेवून द्यायचं आणि शेजाऱ्याला आधी सांगायचं. दोन्ही बाजू करायच्या तर त्याची परवानगी लागतेच, रंगासाठी एचओएची, म्हणजे वसाहतीच्या घरमालक संघटनेची पण.

ती पुसलेली फडकी हा या धंद्यातला सगळ्यात दुर्लक्षित धोका. स्टेनमधलं जवसाचं तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि तापतं. पसरलेलं फडकं ती उष्णता सोडून देतं. गोळा करून पोत्यात कोंबलेली फडकी ती धरून ठेवतात आणि काही तासांत आपोआप पेटू शकतात. फिलाडेल्फियात २३ फेब्रुवारी १९९१ च्या रात्री वन मेरिडियन प्लाझा या ३८ मजली इमारतीत आग लागली, ती बाविसाव्या मजल्यावर लाकडाच्या डागडुजीनंतर राहिलेल्या अशाच फडक्यांमुळे. तीन अग्निशामक जवान त्यात गेले. फडकी एकेक करून बाहेर जमिनीवर वाळत घालायची, किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून झाकण लावायचं. पाच मिनिटांचं काम आहे. तेही कुठल्या चिठ्ठीवर नसतं.

संध्याकाळी काका त्यांच्या गावची वई आठवत होते. करवंदीच्या काट्या, बांबूच्या चिवाट्या, दर वर्षी नव्याने घातलेली. गडी दोन दिवस यायचे, मजुरी ठरलेली, दुपारचं जेवण घरचं. वईला कुणी रंग लावत नसे, ती कुजायचीच होती. तेलपाणी व्हायचं ते सागवानी दाराला, झोपाळ्याच्या पाटाला आणि किनाऱ्यावर ओढून घेतलेल्या होड्यांना. काजूच्या टरफलाच्या तेलाचा तो उग्र वास काकांना अजून येतो म्हणाले. होडीला तेल देताना भाव कुणी काढत नसे, कारण त्या लाकडावर घर चालत होतं. इथल्या कुंपणावर घर चालत नाही, ते फक्त घराभोवती उभं असतं. म्हणून 'एवढे?' हा प्रश्न इथेच पडतो, आणि त्याला प्रामाणिक उत्तर द्यायचं तर थोडं कडू सांगावं लागतं. न रंगवलेलं सीडरही बरीच वर्षं उभं राहतं. कुंपण आधी पडतं ते खांबाशी, जमिनीलगत. इथली काळी चिकणमाती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते आणि खांब वाकवते. त्याला स्टेनचा काही उपयोग नाही. खांब हलत असतील तर ते पैसे आधी तिथे जायला हवेत. स्टेनमधला रंगकण ऊन अडवतो, तेल पाणी अडवतं, फळी कमी तडकते, कमी वाकते. नुसतं पारदर्शक तेल ऊन अडवू शकत नाही, म्हणून वर्षभरात पुन्हा राखाडी. आणि खरं सांगायचं तर तो चंदेरी राखाडी रंगही काही वाईट दिसत नाही. पौर्णिमेच्या रात्री तो फार सुंदर दिसतो. ज्यांना तो आवडतो त्यांना स्टेन विकायला जाऊ नये.

काकांच्या मुलाला मात्र मधाचा रंग हवा होता. खांब लोखंडी होते, सरळ होते. उरला प्रश्न मधल्या चिठ्ठीचा. १,७०० हा आकडा विचित्र असतो, त्यात चांगला माणूसही असू शकतो आणि घाईतलाही. तो एकटा राबत असेल, घरचा मुलगा मदतीला घेत असेल, आतली एकच बाजू धरली असेल. कागदावर लिहिलं होतं फक्त 'धुऊन स्टेन'. किती गॅलन, कुठला, किती बाजू, काही नाही. काकांना सांगितलं, त्याला फोन करा आणि एवढंच विचारा, धुतल्यावर लावायला कधी येणार?

त्यांनी स्पीकरवर फोन लावला. पलीकडे कुठेतरी पंप चालू होता, तो बंद झाल्याचा आवाज आला. "शुक्रवारी धुतो," तो माणूस म्हणाला, "सोमवारी सकाळी ओल मोजतो. पंधराच्या वर असली तर मंगळवारी येईन. आणि एवढ्यात फक्त आतली बाजू होते, बाहेरची हवी असेल तर वेगळे पैसे पडतील. गुरुवारपासून स्प्रिंकलर बंद ठेवाल ना?"

काकांनी फोन ठेवला, चष्मा सारखा केला आणि गॅरेजमध्ये स्प्रिंकलरचा डबा कुठे आहे ते शोधायला आत गेले.